पडद्याच्या अलीकडं

पौष लागला की मी मागची खिडकी लावून घेते. धाराशिवच्या या भागात आता प्लॉट पडलेत, घरं उठलीत, तरी दोन घरांच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात कुणीतरी अजून ज्वारी पेरतं आणि कडेनं करडईची दोन तासं, म्हणजे ओळी, सोडतं. करडई फुलायला लागली की आधी पिवळी दिसते, मग हळूहळू केशरी होते. सकाळी दव पडलेलं असतं. दुपारी कुठंतरी आगटी पेटते आणि भाजलेल्या कणसांचा वास भिंतीवरून आत येतो. लोकांना हा हंगाम आवडतो. शेजारच्या बाई दरवर्षी वाटीभर हुरडा आणून देतात, वर चटणी. मी घेते, गोड बोलते, आणि त्या गेल्या की ती वाटी तशीच कामवालीला देते.

याच हंगामात माझी पहिली नोकरी पक्की झाली. आमच्या गावातली नोकरीवर गेलेली मी पहिली बाई. सत्कार झाले, निरोपसमारंभ झाला, माझ्या भावाच्या नातीनं परवाच मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होताना माझ्या पाया पडून सांगितलं की तुमच्यामुळं मी या वाटेला आले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती नोकरी मला कशी मिळाली हे मी सगळ्यांना सांगत आले. ती टिकली कशी, हे मात्र कधी सांगितलं नाही.

मिळाली ती एका मोडक्या पायामुळं. आमचं तामलवाडी निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर. थोडं पुढं गेलं की इंग्रजांचं राज्य आणि सोलापूर. दहा वर्षांची असताना कणसांनी भरलेल्या गाडीवरून मी खाली पडले आणि चाक डाव्या पायावरून गेलं. वडलांनी गाडी तिथंच रिकामी केली, मला त्याच गाडीत घातलं आणि सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. साडेतीन महिने मी त्या वॉर्डात होते. पाय वाकडाच सांधला गेला, पण तेवढ्या दिवसांत मला पट्ट्या गुंडाळायला आल्या, थर्मामीटर झटकायला आलं, आणि कोणत्या खाटेवरची बाई आज बरी नाही हे तिच्या पांघरुणावरून ओळखायला आलं. घरी परतले तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी वाचली. पुढं चारपाच वर्षांनी तेच लोक म्हणायला लागले, हिला कोण करून घेणार. वडील फार बोलणारे नव्हते. सोळावं लागल्यावर ते मला पुन्हा त्याच दवाखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या मोठ्या बाईंना म्हणाले, हिला तुमच्यातच ठेवा.

तीन वर्षं शिकले. सर्टिफिकेट मिळालं, पण तिथं जागा नव्हती. सर्टिफिकेट पत्र्याच्या नळीत घालून मी तामलवाडीला परत आले आणि वर्षभर गोठ्यातलं शेण काढलं. ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. निजामाच्या दवाखान्यांत बायकांसाठी नर्सा हव्यात असं कुणीतरी सांगितलं, पण दरखास्त, म्हणजे अर्ज, उर्दूत करायची होती आणि मला त्यातलं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. गावच्या शाळेत एक म्हातारे मौलवीसाहेब होते. त्यांनी ती लिहिली. बोरू शाईत बुडवून त्यांनी विचारलं, पायाचं लिहायचं का. मी नको म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, बरं, लिहीत नाही, पण विचारलं तर लपवू नको. शेवटी त्यांनी बोट ठेवलं तिथं मी मराठीत सही केली. माझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं ते मला कधीच वाचता आलं नाही.

उस्मानाबादला बोलावणं आलं. मोठे डॉक्टर खुर्चीत बसलेले. त्यांनी मला दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. वहाणेचा आवाज एका पायाचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, सगळ्या खोलीला ऐकू येत होता. त्यांनी कागद बाजूला सारला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले दुसरे एक डॉक्टर बोलले. त्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं नर्स नव्हती, बायका दारातनं परत जात होत्या. ते म्हणाले, "मला हिचे पाय नकोत. हात पाहिजेत."

अशी मी त्यांच्या दवाखान्यात लागले. सहा महिने कच्ची नेमणूक. मग डॉक्टरसाहेब लिहून देतील तसं, मुस्तकिल म्हणजे पक्की, नाहीतर घरी.

गाव तेरणा नदीच्या काठचं. नाव लिहीत नाही, पुढं जिच्याबद्दल सांगणार आहे तिच्या घरची माणसं अजून तिथं आहेत. दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि पुढं ओसरी. मधल्या खोलीत तारेवर जाड हिरवा पडदा. पडद्यापलीकडं डॉक्टरसाहेबांचं टेबल, अलीकडं बायकांचं बाकडं आणि एक खाट. त्या काळी चांगल्या घरच्या मुसलमान बायका गोषात असत, आणि देशमुखांच्या सुनाही. परक्या पुरुषासमोर तोंड उघडं करायचं नाही, मग तो डॉक्टर का असेना. नाडी बघायला मनगट तेवढं पडद्याखालून पलीकडं जायचं. बाकी सगळं मी बघायचं आणि बोलून सांगायचं. पलीकडून प्रश्न यायचा, जीभ? मी सांगायची, पांढरी. डोळे? पिवळट. दाबल्यावर दुखतं का, कुठं, किती. साहेब ऐकून औषध लिहायचे. त्यांनी आपल्या अर्ध्या रोग्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी त्या बायका म्हणजे एक मनगट आणि माझा आवाज.

मला त्या कामाचा फार अभिमान वाटायचा. फिनेलनं धुतलेल्या फरशीवर सकाळचं ऊन पडायचं, पट्ट्या उकळलेल्या भांड्यातनं वाफ यायची. लढाईमुळं कापूस मिळत नव्हता, म्हणून त्याच पट्ट्या आम्ही धुऊन पुन्हा वापरायचो, आणि त्या दोरीवर वाळत घालताना मला वाटायचं, हे माझं घर. आमची आया गंगाबाई पन्नाशीची होती, पूर्वी गावात सुईणपण करायची. तिनं मला खोलीतली अर्धी जागा दिली होती. ती म्हणायची, तुला काय गं, तू तर साहेबाचे डोळे.

साहेब हैदराबादकडचे. मराठी तुटक बोलायचे, पण सगळं समजायचं. भले गृहस्थ. थंडीत रोगी कुडकुडायला लागला तर घरून स्वतःची रजई पाठवायचे. त्यांना एक शब्द मात्र खपत नसे. दुसऱ्याच महिन्यात एका बाईची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, वाढल्यासारखी वाटतेय. पडदा ओलांडून त्यांचा आवाज एकदम वर चढला.

"वाटतंय नको मला. आहे, किंवा नाही."

पुढं पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. या खेपेला ओसरी भरलेली होती. एवढ्या लोकांत ते म्हणाले की, वाटणारी नर्स मला परवडणार नाही, दुसरी बघावी लागेल. कंपाउंडर गफूरमियाँ मला दुपारी हळूच सांगून गेले की खरोखरच एका दुसऱ्या नर्सची दरखास्त आलेली आहे आणि ती दोन्ही पायांनी धड आहे. ते वाईट मनानं बोलले नाहीत. मी सावध राहावं म्हणून बोलले.

मी सावध झाले. हातानं जे लागे त्यातलं जे पुसट असे ते मी एका बाजूला ढकलायला शिकले. आहे. नाही. आहे. साहेब खूश होऊ लागले. मला आता कळतं की त्या तीन महिन्यांत मी दहा वेळा तरी अंदाजानं बोलले असेन, आणि दहाही वेळा निभावून गेलं. नव्या माणसाला निभावून गेलेलं लवकर अंगवळणी पडतं.

पौषात, माझ्या नोकरीच्या सहाव्या महिन्यात, जोहरा आली.

कापडाच्या व्यापाऱ्याची सून, एकोणीस वीस वर्षांची. सासू बरोबर होती. बुरखा वर केला तेव्हा आधी दिसल्या त्या नाकातली चमकी आणि मोठे हसरे डोळे. सातवा सरत आलेला. पायाला सूज, डोकं दुखतं, अशी तक्रार. पण ती तक्रार सासूनं सांगितली. जोहरा नुसती हसत होती. पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी सासरीच झालेलं आणि सातव्या दिवशी गेलेलं. या वेळी बाळंतपण माहेरी, येरमाळ्याला, असं ठरलं होतं. बैलांची दमणी तयार होती, गादी टाकून झाली होती. निघायच्या आधी डॉक्टरला एकदा विचारून घ्यावं म्हणून सासूनंच आणलं होतं.

मी पाय दाबून पाहिले. अंगठ्याचा खड्डा पडला आणि हळूहळू भरला. तसं मी सांगितलं. साहेबांनी मनगट मागितलं, नाडी बघितली, आणि मग त्यांचा प्रश्न आला. पायाची सूज या दिवसांत असते, म्हणाले. पण तोंडावर सूज आहे का? तोंडावर असेल तर लघवी उकळून बघावी लागेल आणि मग प्रवास नाही. इथंच ठेवावं लागेल.

मी जोहराच्या तोंडाकडं पाहिलं. तोंड गोल होतं. गाल भरलेले. डोळ्यांखाली काहीतरी होतं, किंवा ती हसत असल्यामुळं तसं दिसत होतं. मी हे तोंड आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मुळात ते गोल आहे की फुगलंय, हे मला कसं कळावं? मी सासूला हळू विचारलं. ती म्हणाली, असंच आहे तिचं तोंड. ती खोटं बोलली असं मला आजही वाटत नाही. रोजच्या माणसाला रोजची सूज दिसत नसते.

तेवढ्यात जोहरानं माझा हात धरला. हात गरम होता. सासूला ऐकू जाणार नाही एवढ्या बारीक आवाजात ती म्हणाली, "बाई, हो म्हणू नका. अम्मीकडं जायचंय मला."

पलीकडून साहेबांनी पुन्हा विचारलं. आहे, की नाही?

खरं उत्तर एकच होतं. मला सांगता येत नाही, साहेब. एवढंच. पण सहा महिने संपायला अठरा दिवस उरले होते आणि दुसरी एक धडधाकट नर्स कुठंतरी वाट बघत होती. हातात तिचा हात होता. मला ती खूश व्हायला हवी होती आणि साहेबही खूश राहायला हवे होते, आणि दोघांना पुरेल असा एकच शब्द होता.

मी म्हणाले, "नाही, साहेब."

ती त्याच दुपारी गेली. पट्ट्या वाळत घालताना मी दमणी जाताना पाहिली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, बैलांच्या गळ्यातले घुंगरू बराच वेळ ऐकू येत राहिले. दमणीचा मागचा पडदा जरासा हलला. तिनं मला पाहिलं असेल, नसेलही.

नऊ दिवसांनी गंगाबाई पाणी भरून आली ती घागर न उतरवताच दारात उभी राहिली. जोहरा गेली होती. माहेरी नीट पोचली, दोन दिवस चांगली होती, तिसऱ्या दिवशी सकाळी झटके यायला लागले ते थांबलेच नाहीत. पोटातल्या लेकरासकट गेली. गंगाबाईनं घागर खाली ठेवली आणि मला विचारलं, "तोंड सुजलं होतं का गं?" मी म्हणाले, मला न्हाय दिसलं. जोहरा दवाखान्यात आली त्या दिवशी गंगाबाई रानात कामाला गेली होती. तिनं ते तोंड पाहिलं असतं तर तिला कळलं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

साहेबांना बातमी गफूरमियाँनी सांगितली. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरी रिकामी झाली तेव्हा पडद्याच्या कड्या तारेवर सरकल्या आणि ते अलीकडं आले. त्यापूर्वी ते बायकांच्या बाजूला कधी आले नव्हते. त्यांच्या हातात रजिस्टर होतं. ते खाटेकडं बघत उभे राहिले, जशी काही ती खाट ते पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी अगदी सौम्यपणं, माझ्याकडं न बघता विचारलं.

"नर्सबाई, त्या दिवशी तोंडावर सूज होती?"

पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. झटके आले म्हणजे सूज असणारच, एवढं मी सोलापूरला शिकले होते. पहिल्या वेळी मी घाईत होते, माझा हात कुणी धरलेला होता, पलीकडून आवाज येत होता. आता दुपार निवांत होती. माझ्याकडं हवा तेवढा वेळ होता. आणि मी विचार करून, शब्द जुळवून म्हणाले, "नव्हती, साहेब."

त्यांनी रजिस्टर मिटलं. ठीक आहे, म्हणाले, आणि पलीकडं गेले. कड्यांचा आवाज पुन्हा झाला.

त्या महिन्याअखेरीला माझी नेमणूक पक्की झाली. गफूरमियाँनी हुकूम वाचून दाखवला. साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं की नर्स विश्वासू आहे आणि तिचं निदान भरवशाचं असतं. गंगाबाईनं गूळ वाटला. वडील तामलवाडीहून एवढ्या लांब मला बघायला आले, फेटा नवा बांधला होता. ओसरी, औषधांची कपाटं, सगळं त्यांनी फिरून पाहिलं आणि दमून बायकांच्या बाकड्यावर बसले. जिथं जोहरा बसली होती बरोबर तिथं. मी त्यांना उठवलं. इथं पुरुषांनी बसायचं नसतं, असं काहीतरी बोलले. ते ओशाळून उठले, आणि लेकीच्या दवाखान्यात आपण चुकलो म्हणून दिवसभर उभेच राहिले.

नोकरी टिकली. पुढं राज्य बदललं, उर्दूतल्या दरखास्ती गेल्या, मराठीतले अर्ज आले. पडदे गेले. तीसपेक्षा जास्त वर्षं मी त्या खात्यात होते आणि माझ्या कामात कुणाला खोट सापडली नाही. पण कधी बँकेच्या रांगेत, कधी एस्टीत, मागून कुणी पुरुष सहज विचारतो, आहे का? आणि माझी पाठ ताठ होते. उत्तर द्यायचं राहिलंय असं वाटत राहतं. बस कुठल्या कुठं गेलेली असते.

सगळ्यात वाईट हे की मला तिचं तोंड आठवत नाही. दहा बारा श्वास घेतले जातील एवढाच वेळ मी ते पाहिलं. नंतर इतक्यांदा आठवलं की ते झिजून गेलं. काही दिवस ते चांगलं भरलेलं, निरोगी दिसायचं, आणि मी स्वतःला सांगायची, बघ, गोलच होतं. काही दिवस पापण्या फुगलेल्या दिसायच्या, आणि मी हातातलं काम टाकून बाहेर जायची. बाजारात, जत्रेत, कुणाच्या लग्नात मी बायकांची तोंडं न्याहाळत राहायची. हिचं असं होतं का? की हिचं? एकदा एका बाईनं मला झापलं, काय बघताय हो एवढं. चमकी आठवते, डोळे आठवतात, हाताची ऊब आठवते. गाल आठवत नाहीत. जे पाहायचं होतं तेच नेमकं माझ्याजवळ राहिलं नाही.

जोहरा गेल्यानंतर तीन वर्षांनी येरमाळ्याला प्लेगाची लस टोचायला आमचं पथक गेलं. मी तिथं जायचं दोन वेळा टाळलं होतं, या वेळी टळलं नाही. हंगाम हाच. येडाई देवीच्या डोंगराखालच्या रानांत करडई पिवळी झाली होती. पुरुषांना डॉक्टर चावडीत टोचत होते, बायकांसाठी मी गल्लीगल्लीतून फिरत होते. मुसलमानांच्या गल्लीत एका घरासमोर एक बाई उभी होती. उंच, बारीक, केस पांढरे झालेले. ती माझं चालणं बघत होती. मी जवळ गेल्यावर तिनं दंड पुढं केलाच नाही, माझं मनगट धरलं.

"तू ती लंगडी नर्स का गं? तेरणेकाठच्या दवाखान्यातली?"

मी हो म्हणाले. तिनं मला आत नेलं, जाजमावर बसवलं, पाणी दिलं. ती जोहराची आई होती. जोहरा त्या दोन दिवसांत माझ्याबद्दल पुष्कळ बोलली होती म्हणे. नर्सबाईनं अडवलं न्हाय म्हणून मी आले, असं सांगत होती. आईनं तिला न्हाऊ घातलं होतं, तिला आवडते म्हणून अंबाडीची भाजी केली होती, दोघी एका पांघरुणात निजल्या होत्या. हे सांगताना ती बाई रडली नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की मी तुला दुवा देत आले, तुझ्यामुळं माझी पोर माझ्याजवळ आली.

मी खाली बघून बसले होते. मग तिनं आणखी एक सांगितलं. ती ते असंच, बोलता बोलता बोलली.

"माझी जोहरा लई बारीक तोंडाची. माझ्यावानी. दमणीतनं उतरली तर मला ओळखूच आली न्हाय. मी म्हटलं, सासरी खाऊन पिऊन पोर भरली."

त्या घरात शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास होता. चुलीवर काहीतरी उकळत होतं. मी ते सगळं सांगून टाकलं. पडद्याचं, साहेबांच्या प्रश्नाचं, मला कळलं नव्हतं ते आणि तरी मी नाही म्हणाले ते. त्यानंतर कळल्यावरसुद्धा नाही म्हणाले, तेही. ती ऐकत होती. माझं बोलणं संपलं. बाहेर पथकातला माणूस मला हाका मारत होता. मला वाटलं, आता ही मला उठवेल आणि दार दाखवेल. तिनं तसं केलं असतं तर माझं ओझं थोडं कमी झालं असतं.

ती म्हणाली, "तू बोलली असतीस, तर ती तिकडंच राहिली असती. जगलीबी असती. न्हाय तर तिकडंच मेली असती, अन् मला तिचं तोंडबी दिसलं नसतं." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "पर तू बोलायला पाहिजे होतंस."

हो, अम्मा, मी म्हणाले.

"आत माझी धाकटी हाय. रझिया. आठवा लागलाय. चार दिवस झाले येऊन." ती उठली. "ये. बघ तिला."

रझिया आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. अम्मानं मागचं दार उघडलं तसा उजेड तिच्या अंगावर आला. मी तिच्यासमोर बसले. अठराची असेल. तिचं तोंड मला बरं दिसलं. तिच्यात जोहरा कुठं दिसते का, हे मी आधी शोधत होते, खोटं कशाला बोलू. मग मी भानावर आले आणि अम्माला म्हणाले की मी हिला कधी पाहिलेलं नाही. रोज ही कशी दिसते ते मला माहीत नाही, मला सांगता येणार नाही. तुम्हीच बघून सांगा.

अम्मानं लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. एकदा या बाजूनं पाहिलं, एकदा त्या बाजूनं. बोटानं डोळ्याखाली हलकेच दाबलं.

"आली तवा असं नव्हतं," ती म्हणाली.

मी लघवी मागितली. पथकाच्या पेटीतला स्पिरिटचा दिवा पेटवला आणि काचेची नळी त्यावर धरली. आतली लघवी उकळली आणि वरचा भाग दुधासारखा पांढरा होत गेला. काही विचारायचं उरलं नाही. बार्शीचा मोठा दवाखाना तिथून जवळ होता आणि आमची मोटार चावडीसमोर उभी होती. ती मोटार मी कुणाच्या परवानगीनं नेली, हे मला नंतर लेखी विचारण्यात आलं आणि त्याचं लेखी उत्तर मी दिलं. रझिया महिनाभर तिथं राहिली. ती वाचली, तिची मुलगीही वाचली. हे मी इथंच सांगून टाकते, कारण त्या दिवशी त्या घरात आम्हा तिघींनाही ते माहीत नव्हतं.

मी एवढंच म्हणाले की हिला आत्ताच न्यायला पाहिजे, किती दिवस ठेवतील सांगता येत नाही, आणि तुम्हाला तिथं राहू देतील की नाही तेही सांगता येत नाही. रझिया रडायला लागली. अम्मीजवळच राहायचंय म्हणाली, माझा हात धरू लागली. अम्मानं तिचा हात माझ्या हातातून सोडवला. तिनं एका चादरीत दोन लुगडी आणि भाकरी बांधल्या, बुरखा लेकीच्या अंगावर घातला. मग खाली बसून तिच्या चपला शोधल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांत घालू लागली. त्या पायांत जाईनात. तिनं दोनतीनदा प्रयत्न केला. मग त्या चपला काखेत धरून ती उठली आणि आमच्या पुढं, चावडीच्या दिशेनं चालू लागली.